इरकल नेसून सुनावणीला

मंद्रूप,
५ ऑगस्ट २०२५

चि. शिवकुमार,

आशीर्वाद राहू दे, आधी शिव्या घे.

फोन केला असता, पण फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे आत्या" म्हणून ठेवून देतोस. चार वर्षांत मी फोन केला आणि तू मीटिंगमध्ये नव्हतास असं एकदाही झालेलं नाही. कागदाला तसं गप्प करता येत नाही, म्हणून लिहिते.

कल्लप्पाच्या वस्तीवरची शाळा तुला ठाऊक आहे. तिथं मीनाबाई एकोणीस वर्षं पोरांची खिचडी शिजवते. मागच्या महिन्यात तिला तुझ्या ऑफिसचं दोन पानी पत्र आलं. गोल शिक्का, लांबलचक सही, वर सहा संदर्भ. त्यातून कळलं ते एवढंच, की आपलं नाव आहे, आपली एकोणीस वर्षांची सेवा लिहिली आहे, आणि २८ जुलैला सकाळी अकराला सोलापुरात मोठ्या साहेबांपुढं जायचं आहे. गेल्या साली अंगणवाडीच्या प्रेमलाला असंच पत्र आलं होतं आणि तिला शाल-नारळ मिळाला होता. झालं! हिचाही सत्कार आहे असं ठरलं. मीनाबाईनं लेकीच्या लग्नातलं हिरवं इरकल बाहेर काढलं. जालिंदरची जीप केली. अकरा माणसं, दोन किलो पेढे आणि साहेबांसाठी शेंगाचटणीचा डबा घेऊन बाई तुमच्या दारात आली.

ती सुनावणी होती! तुला कामावरून का काढू नये ते येऊन सांग, असं त्या पत्रात म्हटलं होतं म्हणे. बाई पेढे वाटून घरी आली. काल दुसरं पत्र आलं, सेवा संपुष्टात आणल्याचं. ते मात्र मी तीनदा वाचलं, जेवणाचं ताट बाजूला सारून.

मला सांग, हे असलं लिहितं कोण तुमच्यात? पहिल्या पत्रातलं एक वाक्य मी आज बोटानं मोजलं. एक्क्याहत्तर शब्द! क्रियापद येईपर्यंत माझा दम संपला. "तुम्ही जूनमध्ये अकरा दिवस कामावर नव्हता, का ते येऊन सांगा," एवढं लिहिलं असतं तर तुमची शाई तरी वाचली असती. पण तसं कसं लिहिणार? समजलं तर समोरचा उत्तर देईल ना!

तू त्याच ऑफिसात बसतोस. कुणी लिहिलं ते कळव, आणि मीनाबाईचं काम परत कसं मिळेल तेही कळव. आणि माणसासारखं कळव.

तुझी आत्या,
चंद्रिका

*

सोलापूर,
१२ ऑगस्ट २०२५

ती. चंद्रिका आत्यास, शिवकुमारचा सा. नमस्कार.

आपले दि. ५ चे पत्र दि. ८ रोजी प्राप्त झाले. त्यातील शिव्या वगळता उर्वरित बाबींचा खुलासा करीत आहे.

ऑफिसात पत्र कोणी एक माणूस लिहीत नसतो. मागच्या फाइलीतून नमुना काढतात, नाव बदलतात, तारीख बदलतात. तो नमुना मी नोकरीला लागण्याआधीपासून चालत आलेला आहे. अमुक एकाने लिहिले असे म्हणणे त्यामुळे उचित होणार नाही. आणि भाषेचे म्हणाल तर ती उगाच तशी नसते. उद्या कोणी कोर्टात गेले तर प्रत्येक शब्द तपासला जातो. सोपे लिहिले की अंगावर येते. तुम्हाला बाहेरून हसायला सोपे आहे.

२८ तारखेला मी तिथे हजर होतो. खोटे कशाला सांगू, असली सुनावणी मी पाहिली नव्हती. माणसे येतात ती रडत येतात किंवा भांडत येतात. या बाई आल्या, साहेबांच्या पाया पडल्या आणि पेढ्यांचा पुडा उघडला. साहेबांनी विचारले, "आपणास काही सांगावयाचे आहे काय?" त्या म्हणाल्या, "काय सांगू साहेब, लई आनंद झाला." साहेबांनी पेढा घेतला, माझ्याकडे पाहिले आणि नोंद करायला सांगितले. मी लिहिले, "आरोपांबाबत खुलासा सादर केला नाही. कार्यवाहीबाबत समाधान व्यक्त केले." त्यांनी त्याखाली सही केली आणि शाल कुठे आहे असे हळूच शिपायाला विचारले.

मला शंका आली होती. परंतु सुनावणीच्या नमुन्यात शंकेसाठी रकाना नाही.

माझाही एक प्रश्न आहे. ते पत्र त्या बाईंना वाचून दाखवले कोणी? कार्यालयाला दोष देण्यापूर्वी सदर इसमाच्या निष्काळजीपणाचाही विचार व्हावा.

घरी सर्व ठीक. सौ. चेतना व छोट्या उर्वीचा नमस्कार.

आपला,
शिवकुमार

*

मंद्रूप,
१६ ऑगस्ट २०२५

चि. शिवकुमार,

रकाना नाही म्हणे! अरे, तुझ्या तोंडालाही रकाना नव्हता का? एक बाई नटूनथटून स्वतःच्या गळ्यावर सुरी ठेवायला आली, हसत हसत सही करून गेली, आणि तू शेजारी बसून "समाधान व्यक्त केले" लिहीत होतास. "मावशी, हा सत्कार नाही," हे चार शब्द. त्याला कुठल्या साहेबाची मंजुरी लागते?

आता ते अकरा दिवस ऐक. तिची मनाली अकलूजला बाळंत झाली. पहिलटकरीण, त्यात अडलेली. मीनाबाई गेली. जाताना गुरुजींना सांगून गेली आणि आपल्या जागी जावेला चुलीपाशी बसवून गेली. एक दिवस पोरांची खिचडी चुकली नाही. कुणी विचारलं असतं तर तिनं हे एका दमात सांगितलं असतं आणि तुमची फाइल तिथंच मिटली असती. पण तुमच्याकडं विचारायची पद्धतच अशी, की विचारलंय हेच कुणाला कळू नये.

सध्या शाळेत गुरुजी स्वतः खिचडी करतात. पोरं ती कुत्र्यांना घालतात आणि कुत्री हुंगून परत जातात. मीनाबाई शाळा सुटायच्या वेळी कुंपणाशी येऊन उभी राहते. पोरं "मावशी, कधी येणार?" म्हणून विचारतात आणि ती "बघू की" म्हणते. मला ते बघवत नाही.

कुणी वाचून दाखवलं ते विचारून विषय बदलू नकोस. माणसं शंभर कागद वाचून घेतात, ते कुणी वाचले याची यादी ठेवत नाहीत.

आणि कुणी लिहिलं ते तू सांगितलं नाहीस तरी मला सापडलं. गेल्या साली उर्वीच्या बारशाचं आमंत्रण पाठवलं होतंस. मी ते कपाटातून काढलं. "तरी सदर कार्यक्रमास आपण व्यक्तिशः उपस्थित राहावे, याची गांभीर्याने नोंद घ्यावी." बारशाची गांभीर्यानं नोंद! आम्ही सगळे आठवडाभर हसत होतो. मीनाबाईच्या पत्राच्या शेवटी "कार्यक्रमास"च्या जागी "सुनावणीस" घातलेलं तेच वाक्य आहे, स्वल्पविरामासकट. नमुना कुठून आला ते मला सांगू नकोस. हात तुझा आहे.

आता वर अपील करायचं असेल तर कसं, किती दिवसांत, ते लिही.

आत्या

*

सोलापूर,
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

होय, मी लिहिलं. नमुना जुना होता, पण त्यातलं एक्क्याहत्तर शब्दांचं वाक्य माझंच. साहेबांनी ते वाचून "वा पंचाक्षरी, छान लिहिता" म्हटलं होतं आणि मला चार दिवस बरं वाटत होतं. आता हसा.

पण हसून झालं की एक गोष्ट आठवा. मी चौथीत तुमच्या वर्गात होतो. "माझा दुःखाचा दिवस" असा निबंध होता. मी लिहिलं, "आमची गाय मेली. मी गोठ्यात बसून रडलो." तुम्ही लाल शाईनं ते खोडलंत आणि वर लिहिलंत, "आमच्या लाडक्या गोमातेच्या निधनाने माझे अंतःकरण शोकाकुल झाले." मला दहापैकी तीन मिळाले. पुढच्या निबंधात मी दोन अंतःकरणं आणि एक शोकाकुल घातलं. नऊ मिळाले. तुम्ही तो वर्गात वाचून दाखवलात आणि म्हणालात, हा पोरगा मोठ्या ऑफिसात जाणार. गेलो की! तुम्ही शिकवलं तेच लिहितो तिथं.

दुसरी गोष्ट. जालिंदर जीपवाला परवा दुसऱ्या कामाला ऑफिसात आला होता. मी त्याला चहा पाजला आणि विचारलं. तो सहज बोलून गेला, "साहेब, आमाला कुटं काय कळतंय? चंद्रिका बाईंनी वाचलं. बाई म्हनल्या सत्कार हाय, मग शंका कशाला घ्यायची?"

आत्या, तुम्ही मला दोन पत्रं भरून शिव्या दिल्यात. मी सदर इसम म्हणून विचारलं तेव्हाही तुम्ही सांगितलं नाहीत. मला एवढंच सांगा, तुम्ही ते दुसरं पान उलटलं होतं का?

अपील दुसऱ्या पत्रापासून तीस दिवसांत करायचं असतं. म्हणजे ३ सप्टेंबरच्या आत. मसुदा सोबत जोडला आहे. मीनाबाईंची फक्त सही घ्या.

शिवकुमार

*

मंद्रूप,
२८ ऑगस्ट २०२५

शिवू,

नाही उलटलं.

तो बाजारचा दिवस होता. तुला माहीत आहे, बाजारादिवशी मी देवळाच्या कट्ट्यावर बसते आणि लोकांचे कागद वाचून देते. रिटायर झाल्यापासून बसते. त्या दिवशी पंधरा-वीस माणसं होती. मीनाबाईनं पत्र पुढं केलं. मी पहिलं पान वाचत गेले, वाचत गेले, आणि मला काहीच कळेना. बत्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, समोर अख्खा बाजार बसलेला, आणि मराठी पत्र कळेना? "मला समजत नाही" असं म्हणायची लाज वाटली रे. प्रेमलाचं पत्र आठवलं आणि मी तोंडानं बोलून गेले, "सत्कार दिसतोय, मीनाबाई." ती एवढी हसली, की पुढं वाचायचं मला सुचलंच नाही. इरकल नेस असंही मीच म्हटलं तिला.

म्हणजे लिहिणारा तू आणि वाचणारी मी. दोघं मिळून एका बाईच्या पोटावर पाय दिला. तुला शिव्या देताना मला बरं वाटत होतं, कारण तेवढा वेळ स्वतःकडं बघावं लागत नव्हतं.

गाईचं मला आठवत नाही. पण मी तसं केलं असेन. तसंच करायचे मी, सगळ्यांना.

काल वस्तीवर जाऊन मीनाबाईला सगळं सांगितलं. पत्र तूच लिहिलंस हे सांगितलं आणि मी दुसरं पान उलटलं नव्हतं हेही सांगितलं. ती उठली आणि शेळीला पाणी पाजायला गेली. बराच वेळ पाजत होती.

तुझा मसुदा चुलीत घातला. "सदर अर्जदार नम्रपणे विनंती करते की" असं ती जन्मात बोललेली नाही, मग तिच्या सहीवर ते कशाला? ती बोलत गेली तसं मी लिहिलं. एक अक्षर सुधारलं नाही. हात शिवशिवत होता, तरी नाही. सोबत पाठवते आहे. हेच वर जायचं, दुसरं काही नाही.

"साहेब, मी मीनाबाई, खिचडीवाली. माजी लेक मनाली अकलूजला बाळंत झाली. पयलंच बाळंतपण, लई अडली हुती. मी अकरा दिस तितं हुते. जाताना गुरुजींना सांगून गेले. माज्या जागी माजी जाऊ खिचडी करत हुती. एक दिसबी पोरं उपाशी ऱ्हायली न्हाईत, कुनालाबी इचारा. तुमचं पत्र मला कळलं न्हाय. मला वाटलं सत्कार हाय, म्हनून पेढे आनले. भांडाय यायचं हुतं हे ठावं असतं तर मी भांडले असते. मला माजं काम परत पायजे. मीनाबाई."

आत्या

*

सोलापूर,
१८ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

उशीर झाला, रागावू नका. काम झालं आहे.

मीनाबाईंचं पत्र मी मुदतीत दिलं. साहेबांनी ते उभ्यानंच वाचायला घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. आमच्या ऑफिसात कुणी एखादं पत्र शेवटपर्यंत वाचताना मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मग ते म्हणाले, "हे बाईंनी तेव्हाच का नाही सांगितलं?" मला म्हणायचं होतं, की साहेब, आपण तेव्हा विचारलंच नव्हतं. तोंडाशी आलं होतं. पण बोललो नाही. तुम्हाला हे सांगायची लाज वाटते, तरी सांगतो.

गुरुजींना बोलावलं. त्यांनी सगळं खरं आहे म्हणून लिहून दिलं. आधी का नाही कळवलं असं विचारल्यावर म्हणाले, मलाही सत्कारच वाटला, मी पण जीपमध्ये होतो.

परत घेण्याचा आदेश मी टाइप केला. अगदी लहान. "मीनाबाई, तुम्हाला कामावर परत घेतले आहे. सोमवार, २९ सप्टेंबरपासून या." साहेबांनी तो कागद पालथा करून मागं काही आहे का ते पाहिलं. म्हणाले, "हे काय हळदी-कुंकवाचं बोलावणं आहे का पंचाक्षरी? असं लिहिलं तर उद्या कुणीही वाचेल. नमुन्यात आणा." त्याच आठवड्यात सोप्या भाषेत लिहिण्याबद्दल वरून नऊ पानी परिपत्रक आलं होतं. साहेबांना ते समजलं नाही म्हणून त्याचा सारांश माझ्याकडंच करायला दिलाय.

तर नमुन्यात आणलं. दोन पानं झाली. सोबत जोडली आहेत. पण आशय तोच आहे, आत्या. तुम्ही वाचून दाखवा.

तुमचा,
शिवू

*

मंद्रूप,
२४ सप्टेंबर २०२५

शिवू,

आदेश मिळाला. आठ संदर्भ! मीनाबाईला काढताना सहा होते, परत घेताना आठ लागले. कसली प्रगती आहे रे तुमची.

यावेळी दोन्ही पानं वाचली, पुढून, मागून, चष्मा पुसून. परत घेतल्याचं वाक्य दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडलं, तेही शिक्क्याखाली अर्धं दबलेलं. मग मात्र थांबले नाही. भर उन्हात वस्तीवर गेले. मीनाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी लांबूनच ओरडले, "मीनाबाई, काम परत मिळालं!"

तिनं हात पुसले आणि कागद घेतला. आधी शिक्का बघितला. "शिक्का त्योच हाय की," म्हणाली. मी शेजारी बसून तिला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगितला. ती मान खाली घालून ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "बाई, राग मानू नका. पर मागल्या येळंलाबी तुमीच वाचलं हुतं."

राग कसला मानू? मला तिथंच रडू फुटलं. म्हातारी बाई दुसऱ्याच्या अंगणात बसून रडते, तरी तिनं "असू द्या, बाई" म्हटलं नाही. का म्हणावं?

म्हटलं, माझ्यावर नको, गुरुजींवर तरी विश्वास ठेव. आम्ही दोघी शाळेत गेलो. गुरुजींनी दोन्ही पानं वाचली, डोकं खाजवलं, "परत घेतलं असावं बहुतेक" असं म्हणाले आणि करपलेली खिचडी ढवळायला लागले. मीनाबाई माझ्याकडं बघायला लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तिचं म्हणणं एकच आहे. "ज्यानं लिवलंय त्यानं हितं येऊन तोंडानं सांगावं. कागदावर मी एकदा नटून गेले. परत जायची न्हाय." आणि ती जाणार नाही, शिवू. तिला मी ओळखते. सोमवारी ती आली नाही, तर तुम्ही लिहाल, "संधी देऊनही हजर राहिल्या नाहीत." ते वाक्य तुमच्या नमुन्यात तयारच असेल.

तेव्हा सोमवारी रजा टाक आणि पहाटेची पहिली एसटी धर. शाळा भरायच्या आत वस्तीवर पोच. साहेबांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी बरोबर येणार नाही. मी मध्ये बोलले तर तिला वाटेल, मी पुन्हा वाचून दाखवतेय. तू एकटा तिच्या दारात उभा राहा. कागद खिशातून काढू नकोस. तिला समजेल असं एक वाक्य बोल आणि ती "व्हय" म्हणेपर्यंत तिथून हलू नकोस.

चंद्रिका आत्या